पाठमोरं चर्च

औरंगाबाद
रविवार, १७ एप्रिल २०१६

प्रिय मल्हारी,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धड आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तू दिलेल्या घोंगडीला ती अजून कुणाला हात लावू देत नाही. माझी मुलगी स्वरदा नऊ वर्षांची झाली. तिला तू पाहिलेलं नाहीस.

फोनच केला असता, पण तुझा जुना नंबर आता बीडच्या एका गृहस्थांकडे आहे. तीनदा लागला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “मल्हारी नाही, पण तुम्ही बोला की, काय काम होतं?” शेवटी बजाजनगरला जाऊन कडुबाच्या चहाच्या टपरीवर चौकशी केली. टपरीचं आता दुमजली हॉटेल झालंय, चहा मात्र तसाच पाकासारखा गोड. त्याच्याकडून कळलं की तू बिडकीनला सुतारकाम करतोस, चौकटी आणि दारं. पत्ता त्यानेच लिहून दिला आणि वर म्हणाला, “बारा वर्सांनी आठवण आली व्हय?” मी खाली मान घालून चहा संपवला.

पाण्याचं तिकडे कसं आहे? धरणात गाळच उरलाय असं पेपरात येतं. आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी, तोही पाऊण तास, आणि टँकरवाला राजासारखा वागतो. मेंढ्या आहेत की विकल्या? धोंडिबा तात्यांची तब्येत कशी आहे? ते अजून मेंढ्यांमागे जातात का?

टँकरची वाट बघत गच्चीत उभा राहिलो की मला आपली खोली आठवते. २००३ सालचा तो उन्हाळा. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, दोन खाटा आणि चार निळे ड्रम. मी डिप्लोमा संपवून ट्रेनी इंजिनिअर, तू आयटीआय करून पॅटर्न शॉपमध्ये. गावी नवी नवरी ठेवून आला होतास, त्यामुळे शनिवारी दुपारपासून तुझं लक्ष घड्याळाकडे. ओतकामाचा लाकडी नमुना तुझ्या हातचा असला की साच्यात एक ओरखडा दिसायचा नाही, हे फाउंड्रीतले म्हातारेसुद्धा कबूल करायचे. मी कागदावर रेघा ओढायचो आणि तू त्यांतून वस्तू काढायचास.

रॉल्फसाहेब आठवतात? जर्मनीहून नवं मशीन बसवायला आलेला तो उंच टकला माणूस, सहा महिने गेस्ट हाउसला एकटा. आपल्याला वाटायचं संध्याकाळी पीत बसत असेल. जाऊन बघतो तर गडी टेबलावर बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक मांडून स्वतःशीच लढाई खेळतोय! फूटपट्टीने मोजून सैनिक पुढे सरकवायचे, फासे टाकायचे, मेला तो आडवा. तू माझ्या कानात म्हणालास, “एवढा बाप्या माणूस अन् बाहुल्या खेळतोय.” पंधरा दिवसांनी त्याच्या घोडेस्वारांना टेकडीआडून घेरून तू त्याला हरवलंस. त्यानंतर बाहुल्या हा शब्द तुझ्या तोंडून परत निघाला नाही.

जाताना त्याने चाळीस सैनिक आणि नियमांचं पुस्तक आपल्यालाच देऊन टाकलं. त्यातली एक लढाई आपली लाडकी. आठशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं खेडं, गावकरी दगडी चर्चमध्ये कोंडून बसलेत, पश्चिमेच्या वाटेने लुटारू येतात आणि सहा डावांच्या आत त्यांनी चर्चचं दार फोडायचं. सैनिक होते, चर्च नव्हतं. मी बुटाच्या खोक्याला दार काढून ते मांडलं, तर म्हणालास, “ह्याला फोडायला लुटारू कशाला पायजेत, शेळी खाऊन टाकील.”

मग आपण चर्च बांधायला घेतलं. आठ महिने लागले. ज्या पेटीतून मशीन आलं तिचं पांढरं हलकं लाकूड तू भंगारातून मागून आणलंस. भिंती खाचांमध्ये बसवल्यास, म्हणजे लढाई आत शिरली की हवी ती भिंत उपसून काढता यावी. दगड दिसावेत म्हणून भिंतीला फेविकॉल फासून वर चहाच्या गाळणीने वाळू भुरभुरवायची. वाळूला तोटा नव्हता. त्या वर्षी बजाजनगरात दर प्लॉटपुढे ढीग असायचा. पाणी नव्हतं तरी घरं उठत होती. खिडक्यांना आकाशकंदिलाचा रंगीत कागद. छपराची कौलं कंपनीच्या रद्दीतल्या जॉबकार्डांच्या पुठ्ठ्याची, नखाएवढी, मोजून चौदाशे. ती तू गावाहून येताना डबा भरभरून कापून आणायचास. एकसारखी, एकही तिरकी नाही. छपराचा उतार बघून मात्र वैतागायचास. “पाणी तर पडंना, अन् एवढा उतार कशाला? माळवद घाल की गप.” मी तुला युरोपातल्या बर्फावर व्याख्यान दिलं होतं. तू जांभई दिलीस.

आणि मेंढ्या! नियमात मेंढ्या कुठेच नव्हत्या. तू बारा कोरल्यास आणि चर्चपुढे चरायला सोडल्यास. त्या वर्षी तात्या खऱ्या मेंढ्या घेऊन धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळावर गेले होते, आणि तुला दोन-दोन महिने त्यांची खबर नसायची. म्हणून मी काही बोललो नाही. उलट मेंढ्या मध्ये आल्या तर सैनिकाने एक डाव थांबायचं असा नियमच केला. नदीला मी मस्त निळा रंग दिला, तर तू तिच्यात वाळू ओतून मधे दोन डबकी ठेवलीस. “नदी अशी असती,” म्हणालास. त्यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो, आणि तिसऱ्या दिवशी तू भरीत करून माझ्यापुढे ताट सरकवलंस.

इतका सुखी मी नंतर कधी झालो नाही, मल्हारी. माझ्या बायकोला हे सांगू नकोस.

चर्च माझ्याकडेच आहे. तीन घरं बदलली, पण त्याला ओरखडा येऊ दिला नाही. आता झालंय असं की क्रांती चौकाच्या मागे काही तरुण मुलं दर रविवारी हे खेळ खेळायला जमतात. त्यांनी ते पाहिलं आणि वेडी झाली. ८ मेला, रविवारी सकाळी दहा वाजता, त्यांनी तिथल्याच हॉलमध्ये प्रदर्शन ठेवलंय. प्रत्येक मॉडेलपुढे बनवणाऱ्याच्या नावाचं कार्ड. एकाने मला विचारलं, “सर, हे सगळं तुम्ही केलंत?” मी हसलो. नाही म्हणालो नाही. कार्डाचा मसुदा आला, त्यावर माझं एकट्याचं नाव होतं. मी ते वाचून ठीक आहे म्हणालो.

स्वरदाने ते कार्ड टेबलावर पाहिलं. म्हणाली, “बाबा, तुम्हाला साधा खिळा ठोकता येत नाही. हे कोणी केलंय?”

मी तुझं नाव सांगितलं. ते आपल्याकडे का येत नाहीत, असं तिने विचारलं. मी सांगितलं, लांब राहतात. बिडकीन इथून किती लांब, जेमतेम तासाभरावर, ते तुला माहीत आहे.

पुण्याचा विषय काढायचा नव्हता, पण तो टाळून हे पत्र पुढे सरकत नाही. वर पाण्याबद्दल एवढं लांबण लावलं तेही त्यामुळेच.

जानेवारी २००४. एसटीत तुझ्या मांडीवर चर्च, माझ्या मांडीवर नदी. पुण्यातल्या मॉडेलांच्या स्पर्धेच्या हॉलमध्ये अकरा टेबलं होती आणि गर्दी आपल्याच टेबलाशी. मग परीक्षक आले, ते पांढऱ्या मिशांचे. ते लुटारूंच्या मागे वाकून उभे राहिले, पश्चिमेच्या वाटेवरून चर्चकडे बघितलं आणि हसायलाच लागले. “अहो, हे चर्च पाठमोरं बसलंय! जुन्या चर्चचं दार पश्चिमेला असतं, वेदी पूर्वेला. तुमचे लुटारू वळसा घालून दारापर्यंत जातील तोवर सहा डाव संपतील!” उचलून फिरवावं तर पायऱ्या, कुंपण, कबरी, सगळं प्लायवूडला चिकटवलेलं. भोवतीचे पंधरा-वीस जण हसले. परीक्षकांनी विचारलं, “हे दार कोणी काढलं?”

मी म्हणालो, “दार ह्याने बसवलंय. मेंढरांमागून आलेला माणूस, त्याला काय कळतंय पूर्व-पश्चिम.”

लोक आणखी हसले. मीही हसलो.

ड्रॉइंग माझं होतं. पुस्तकातल्या चर्चच्या नकाशावर दिशाच नव्हत्या. उत्तरेचा बाण मी काढला आणि दार पूर्वेला दाखवलं, कारण आमच्या घराण्याने सात पिढ्या ज्या देवळाची पूजा केली त्याचं दार पूर्वेला होतं. दार दुसरीकडे असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या आलं होतं. तू विचारलं होतंस, हातात पटाशी धरून. “दार हिकडं कसं? वाट तर तिकडून येती.” आणि मी म्हणालो होतो, “घालतील वळसा. ड्रॉइंगप्रमाणे कर.” कोपऱ्यात तपासल्याची सहीसुद्धा माझीच आहे. तो कागद मी बारा वर्षं जपून ठेवलाय आणि कुणाला दाखवलेला नाही.

तू पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेलास. मी तुला शोधायला आलो नाही, कारण उत्तेजनार्थ बक्षीस मिळणार अशी कुजबुज होती आणि मला ते घ्यायचं होतं. सर्टिफिकेटवर माझं एकट्याचं नाव आलं. खोलीवर पोचलो तेव्हा तुझी ट्रंक नव्हती. दोन महिन्यांनी तू कंपनीही सोडलीस. तात्यांना मेंढ्यांसाठी माणूस लागत असेल म्हणून तू गेलास, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तसंच सांगत आलो.

मल्हारी, मी चुकलो. मला माफ कर. एवढं लिहायला मला पाच पानं लागली.

कार्डावर तुझं नाव घालतोय. आणि आठ तारखेला, पुण्यात जेवढ्या लोकांसमोर ते बोललो निदान तेवढ्यांसमोर, दार कोणाचं चुकलं आणि मी काय बोललो ते सांगणार आहे. तू आलास तरी, नाही आलास तरी. तू समोर नसताना सांगणं मला सोपं जाईल. म्हणूनच तू यावंस असं वाटतं.

सखूबाई वहिनींना नमस्कार. तात्यांच्या पाया पडतो.

अजून तुझा म्हणवून घ्यावं की नाही ते न कळलेला,
वरद


बिडकीन
गुरुवार, १२ मे २०१६

वरद यास मल्हारीचा रामराम.

तुझं पत्र पोचलं होतं. उत्तर द्यायचं नव्हतं. सखूनं ते दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून, तरी द्यायचं नव्हतं. आज बसलोय लिहायला.

तात्या तीन वर्षांमागं गेले. तू विचारलंस म्हणून कळवतो. शेवटपर्यंत काठी सोडली नाही. मेंढरं वीस उरली आहेत, ती सखू बघते. पाच एकरांतली तीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली. जिथं मेंढरं बसवायचो तिथून आता रुंद रस्ता आखलाय, त्यावर अजून कुत्रं फिरत नाही. शहर हिकडं सरकतंय तसं माझं काम मात्र वाढलं. रोज दारं करतो. ज्याला त्याला पूर्वेलाच पाहिजे.

तू लिहिलंस ते पुण्याचं वाक्य बरोबर आहे, एक शब्द हिकडचा तिकडं नाही. मेंढरांमागून आलेला म्हणालास त्याचं मला काही नाही. खरंच आलोय. पूर्व-पश्चिम कळत नाही म्हणालास त्याचं तर हसू येतं. तात्या मला सहा वर्षांचा असताना रानात उभा करून विचारायचे, “सांग, गाव कुठं हाय?” चुकलो की पाठीत धपाटा. मला लागलं ते हे, की बोलताना तू माझ्याकडं बघितलं नाहीस. आठ महिने एका ताटात जेवलो आपण.

असो.

आठ तारखेला आम्ही दोघं आलो होतो. हॉलच्या दारापाशी मागं उभे होतो, तुला दिसलो नसू. तू बोलायला उभा राहिलास आणि आधी पाच मिनिटं टँकरवर बोललास. तुझी खोड गेली नाही. सखू म्हणाली, “हे भाषण पाण्याचं हाय का?” मग तू तो कागद वर धरून तुझी सही दाखवलीस. ते मेंढरांचं वाक्य तू गाळशील असं मला वाटलं होतं. गाळलं नाहीस. पुण्यात बोलला होतास तसंच्या तसं बोललास अन् पुढं म्हणालास, “हे मी माझ्या मित्राबद्दल बोललो, त्याच्या तोंडावर.” तेवढ्यात तुझी पोरगी उठली अन् तिनं कार्ड मोठ्यानं वाचलं. काम मल्हारी, चूक वरद. मग लोक हसले, पण त्या हसण्यानं मला बरं वाटलं. कार्ड तिनंच लिहिलं ना? तुझ्यात एवढी अक्कल नाही.

मी पुढं आलो नाही. त्याचं कारण तुला सांगायला पाहिजे.

पुण्याला गेलो तेव्हा माझ्या पिशवीत एक भिंत होती. पश्चिमेची, दारासकट. वाट तिकडून येते अन् दार हिकडं, हे मला पचत नव्हतं. म्हणून निघायच्या आधी तीन दिवस पाळी सुटल्यावर पॅटर्न शॉपमध्ये थांबून ती केली. बिजागऱ्या टाचणीच्या, कडी तांब्याच्या तारेची. तुला आधी दाखवली असती तर तू भांडला असतास, ड्रॉइंग तुझं म्हणून. म्हटलं, तिथं कुणी काही बोललंच तर हळूच काढून द्यावी. मागची भिंत उपसायची, ही खाचेत घालायची, दोन मिनिटांचं काम. तुझी इज्जत राहिली असती. परीक्षकांनी दार कोणी काढलं विचारलं, तेव्हा माझा हात पिशवीत होता. भिंत हाताला लागली होती. तेवढ्यात तू बोललास.

मी हात रिकामा बाहेर काढला. बाहेर गेलो, पाणी प्यालो अन् गाडीत बसलो.

आठ तारखेला पण ती पिशवीत होती. घरून निघताना ठरवलं होतं, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायची, म्हणजे तुला कळेल तू काय घालवलंस ते. पण तुझी पोरगी तुझ्याकडं बघत होती. एवढं कबूल केलेल्या बापाकडं पोरगी कशी बघती ते मी बघितलं, अन् माझ्यानं झालं नाही. भिंत परत आणली.

आता माझं ऐक. तुझ्याएवढी पानं नाही लावत.

कौलं मी कापली नव्हती. चौदाशेच्या चौदाशे सखूनं कापली. त्या उन्हाळ्यात गावात टँकर यायचा, त्याच्यासाठी हंडा रांगेत लावून ती सकाळपासून बसायची, तिथं कात्री अन् पुठ्ठे घेऊन. मी नुसता डबा आणायचो. तू म्हणालास, “काय हात आहे रे तुझा,” अन् मी गप बसलो. तिला घरी येऊन सांगितलं सुद्धा, की वरदला कौलं लई आवडली, माझ्या हाताचं कौतुक केलं. सांगताना मला काही वाटलं नाही.

त्या दिवशी हॉलमधून निघून गाडीत बसलो. तुझ्या बोलण्यानं माझं मन भरलं होतं, मी एकटाच बोलत होतो. बिडकीनचा फाटा आला तेव्हा ती म्हणाली, “कार्डावर कौलांचं कुणी नाय लिवलं वो.”

बारा वर्षं तुझ्यावर डूख धरून बसलो, वरद, अन् तेच मी माझ्या घरात केलं होतं. तिला कधी एकदा तोंडावर हसलो नाही, एवढाच फरक. घरी आल्यावर मी तिची माफी मागितली. लई अवघड असतं रे. तुला तर अख्ख्या हॉलसमोर मागायची होती, मला नुसत्या चुलीसमोर, तरी जीभ उचलंना. ती म्हणाली, “माझं बघू. आधी त्येला लिवा, त्यो वाट बघत असंल.”

म्हणून हे पत्र. तुला माफ केलंय. आठ तारखेलाच केलं होतं, कळवायला चार दिवस लागले.

कार्डावर तिसरं नाव घाल. तुझ्या पोरीच्या हातानं घाल, तिचं अक्षर चांगलं आहे. काकूंना नमस्कार सांग.

भिंत कपाटावर ठेवली आहे. दोनदा मी ती घेऊन तुझ्यापर्यंत आलो अन् दोनदा तशीच माघारी आणली. तिसऱ्यांदा मी येणार नाही. आता चर्च घेऊन तू ये.

तुझाच,
मल्हारी

आणि कौलं जिची ती,
सखूबाई